कुऱ्हाडीचा दांडा

गेल्या जुलैतली गोष्ट. सातवीच्या वर्गावर आम्ही मराठीचा तास घेत होतो. शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी दखनी, कोकणी नाहीतर उत्तरेकडची हिंदी बोलणारी. त्यामुळे मराठी वाक्प्रचार शिकवताना आधी वस्तू समजावावी लागते आणि मग अर्थ. त्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, 'पाचर मारणे'. चालत्या कामात अडथळा आणणे, हा अर्थ मुलांनी वहीत उतरवून घेतला. पण पाचर म्हणजे काय, असं विचारलं तेव्हा वर्ग गप्प. उर्दूतली 'पच्चर' हीच, असं सांगितलं तरी चेहरे कोरेच.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा हळूच उभा राहिला. एरवी तो तासाला तोंड उघडत नाही. म्हणाला, "सर, पाचर अडवत नाही, फोडते. लाकडाला चीर असते, तिच्यात पाचर बसवायची आणि वरून घण मारायचा. आधी पातळ पाचर, मग जाड. पहिली अडकून बसली तर शेजारी दुसरी लावायची, मग पहिली आपोआप सुटते."

पुस्तकात नसलेलं, पण अगदी बरोबर उत्तर. आम्ही शाबासकी देणार तोच मधल्या बाकावरून कुणीतरी बोललं, "लकडीफोड का बेटा!" आणि सगळा वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि तास संपेपर्यंत त्याने वहीतून मान वर केली नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही त्याचा प्रवेशाचा फॉर्म काढून पाहिला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात लिहिलं होतं, 'बिझनेस'.

वाचकहो, त्या मुलाला बोलण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. आमचे अब्बा घाटकोपरच्या एका वखारीत कामाला होते. घरोघरी गॅस पोहोचला नव्हता, रॉकेल रेशनवर मिळायचं, त्या दिवसांत जळाऊ लाकडाच्या वखारी उपनगरांत बऱ्याच होत्या. अब्बा सकाळी लाकूड फोडायचे आणि दुपारी काट्यावर तोलून द्यायचे. त्यांच्या तळहातांची कातडी आमच्या गालाला टोचायची. बी.एड.च्या प्रवेशाचा फॉर्म भरताना याच रकान्यात आम्ही लिहिलं होतं, 'व्यापार'. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी फॉर्मवर सही केली, आणि आमच्या पाठीवर हात ठेवला. हे आजवर आम्ही कुणाला सांगितलेलं नाही.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मुलाच्या अब्बांना भेटायला गेलो. असल्फाच्या बाजूला, चढावरच्या गल्लीत एक जुनी बेकरी आहे. मागे चार पत्र्यांखाली लाकडाची रास, आणि राशीसमोर ते उभे. पन्नाशीच्या आसपासचे, सडपातळ, मूळचे परभणीकडचे. आम्हाला बघताच त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, हात लुंगीला पुसले आणि सलाम करून विचारलं, "पोरानं काही केलं का, सर?"

आम्ही म्हटलं, "काही केलं नाही, भाई. पाचर कशी चालते ते त्याने वर्गाला शिकवलं. आता आम्ही तुमच्याकडून शिकायला आलोय."

ते हसले. मग तासभर आम्ही विटांच्या ढिगावर बसून पाहत राहिलो.

लांबून पाहणाऱ्याला वाटतं, लाकूड फोडणं म्हणजे निव्वळ ताकद. तसं नाही. ते ओंडका उभा करतात आणि आधी त्याचं तोंड न्याहाळतात. लाकूड वाळताना गाभ्यापासून सालीकडे बारीक चिरा पडतात. लाकूड कुठून सुटायला तयार आहे, ते या चिराच सांगतात. कुऱ्हाडीचा घाव त्याच रेघेत बसायला हवा. ओंडका फार रुंद असेल तर मधोमध मारायचं नाही, कडेने एकेक फाळी काढत आत जायचं. जिथे फांदी फुटलेली असते तिथे आत गाठ असते, ती टाळायची. फोडायची कुऱ्हाडही वेगळी असते. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ आणि धारदार, तर फोडायची जाड गालांची आणि वजनदार. ती कापत नाही, लाकूड दोन्हीकडे ढकलते. म्हणजे दांड्याला बसवलेली पाचरच म्हणा ना.

उभं राहण्याचीही रीत आहे. पाय फाकलेले, आणि घाव पडताना गुडघे किंचित वाकलेले. मग नेम चुकला तरी पातं खालच्या ठोकळ्यात रुततं, नडगीवर येत नाही. ठोकळा चिंचेचा होता. चिंचेचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, ते सहजासहजी फाटत नाही. म्हणून तर खाटिक मांस तोडायला चिंचेचाच ठोकळा घेतात, आणि बकरी ईदच्या आधी आपल्या मोहल्ल्यांत तेच ठोकळे विकायला येतात. निलगिरी मात्र ओली असतानाच फोडलेली बरी, वाळली की तिचा पीळ घट्ट बसतो.

त्यांची हत्यारं पाहून आम्ही थक्क झालो. कुऱ्हाडीचं पातं आणि घण सोडला तर विकत घेतलेलं जवळजवळ काहीच नव्हतं. पाचरी ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याच्या, लोहाराकडून घडवून घेतलेल्या. काही पाचरी सुक्या बाभळीच्या, स्वतः तासलेल्या. ठोकळ्यावर स्कूटरचा जुना टायर आडवा ठेवलेला. लाकडं त्यात उभी करायची, म्हणजे घाव बसल्यावर फाळ्या उडत नाहीत, आणि दर वेळी वाकून उचलायला लागत नाही. सळईचं टोक वाकवून, घासून तीक्ष्ण केलेला एक आकडा, त्याला पाण्याच्या पाइपचा लांब दांडा. न वाकता ओंडका ओढायला तो उपयोगी. आपल्या गल्लीतली पोरं बेअरिंगची गाडी करून उतारावर पळवतात, तशीच एक बुटकी फळी चार बेअरिंगवर बसवलेली, लाकूड भट्टीपर्यंत न्यायला. आणि दोरीला बांधलेलं लाऊडस्पीकरचं लोहचुंबक! जुनी दारं, खिडक्या फोडायला येतात त्यांत खिळे लपलेले असतात. एक खिळा लागला तरी धार गेली. म्हणून आधी चुंबक फिरवायचं, ते जिथे चिकटेल तिथे खडूची खूण करायची.

"हे सगळं शिकवलं कुणी?" आम्ही विचारलं.

"पाठीनं," ते म्हणाले. "पाठ दुखायला लागली की डोकं चालतं."

पाचरीचं तोंड घणाखाली चेपून फुलासारखं पसरलं होतं. ते त्यांनी आधी घासून काढलं. पसरलेल्या कडेची कपची उडाली तर सरळ डोळ्यात जाते, असं ते म्हणाले. त्यांच्या उजव्या भुवईवर एक जुना व्रण आहे. त्याबद्दल आम्ही विचारलं नाही.

त्यांच्याकडे पाहता पाहता आम्हाला एकाएकी आठवलं, या माणसाला आपण आधी पाहिलंय. १७ मे २०२१ घाटकोपरकर विसरलेले नसतील. तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि शहरात शेकडो झाडं आडवी झाली. आमच्या गल्लीच्या तोंडावरचं पर्जन्यवृक्षाचं मोठं झाडही त्यात पडलं. फांद्या छाटून वाट मोकळी झाली, खोडाचे मशीनने तुकडे झाले. पण एक ओंडका पायऱ्यांखालच्या खाचेत जाऊन बसला होता. गल्लीत गाडी शिरणं शक्य नव्हतं, आणि आठ जण लागले तरी तो हलेना. तेव्हा बेकरीतून एक माणूस पहार आणि दोन दोर घेऊन आला. वरच्या लोखंडी खांबांना त्याने दोन्ही दोरांची एकेक टोकं बांधली. दोर खाली सोडून ओंडक्याच्या पोटाखालून घेतले आणि मोकळी टोकं पुन्हा वर आणून चार पोरांच्या हातात दिली. मग म्हणाला, "ओढा, पण दमानं." ओंडका त्या दोरांच्या झोळीत घरंगळत उतार चढून वर आला. आम्ही खिडकीतून बघत होतो. टाळ्या वाजवल्या आणि खिडकी लावून घेतली. तो माणूस कोण, हे विचारायला खाली उतरलो नाही.

त्या युक्तीत शास्त्र आहे. ओंडका तिथे फिरत्या कप्पीसारखा होतो. जितका ओंडका पुढे सरकतो त्याच्या दुप्पट दोर ओढावा लागतो, म्हणून जोर जवळपास निम्मा पुरतो. पाचर, तरफ, उतरण, चाक, कप्पी या साध्या यंत्रांचा धडा आमची मुलं सहावीत पाठ करतात. या माणसाकडे त्यातली बहुतेक सगळी होती, नावं तेवढी ठाऊक नव्हती.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडलेल्या हवेचा विचार करताना सांगितलं की, लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा तशाच स्वच्छ इंधनाकडे वळावं, आणि यापुढे लाकूड-कोळशाच्या नव्या बेकरीला परवानगी मिळू नये. आम्ही या निर्णयाच्या विरोधात नाही. बेकरीच्या धुराड्यासमोरच्या खोलीत आमच्या शाळेतली एक मुलगी राहते. थंडीत ती दप्तरात पंप घेऊन येते. भट्टीत नुसतं साधं लाकूड जळत असतं तर एक वेळ चाललं असतं. पण चांगलं लाकूड महाग, म्हणून रंग दिलेली दारं, प्लायवूड, मोडकं फर्निचर सगळंच आत जातं. त्या धुरात रंग आणि गोंदही जळतो. ओलं लाकूड असेल तर आणखी वाईट. त्यातलं पाणी उडवण्यात ताप खर्च होतो आणि धूर वाढतो. लाकूड बारीक फोडून नीट वाळवलं तर ज्वाळा चांगली लागते आणि धूर कमी होतो. कमी होतो, पण संपत नाही. त्या मुलीच्या छातीला 'कमी' पुरत नाही.

पाव भाजायची जुनी रीत म्हणजे विटांच्या घुमटाला लाकडाने ताप भरायचा आणि त्या साठलेल्या तापावर एकामागून एक घाणे काढायचे. पोर्तुगीजांबरोबर आलेला हा पाव गोव्याच्या आणि इराणी बेकरीवाल्यांच्या हातून मुंबईच्या घराघरांत गेला. फज्रच्या अजानच्या वेळी आपल्या गल्लीत जो वास दरवळतो, त्याच्यामागे रात्रभर जागलेले कारागीर असतात, आणि त्यांच्याही मागे, दिवसा लाकूड फोडून ठेवणारा एक जण. भट्टी बदलली तर कारागिराचं काम राहतं. मालकाला खर्च पडतो, पण धंदा राहतो. काम जातं ते या शेवटच्या माणसाचं. हवा सुधारावी हे खरं, पण तिची किंमत कोण मोजतो हेही बघायला हवं. मराठीत म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते शाळेत आले. दाखला मागायला.

"सर, गॅस लागला. आता फोडायला काही नाही. मालक चांगला आहे, मैद्याच्या गोण्या उतरवायचं काम देतो म्हणाला, पण पगार निम्मा. भाडं निघत नाही. गावाकडे भाऊ आहे, जाऊन बघतो. पोराला तिथल्या शाळेत टाकतो."

मुलगा दाराशी उभा होता. अर्ध्या वर्षात गाव, शाळा, भाषा सगळं बदललं की आमच्या मुलांचं काय होतं, ते आम्ही वीस वर्षं पाहतोय. काही टिकतात. बरेचसे त्या वर्षातच कुठे तरी कामाला लागतात. दाखला द्यायला नकार देणं आमच्या हातात नाही आणि द्यावासा वाटत नव्हता. आम्ही म्हटलं, "भाई, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. अर्ज ठेवून घेतो. आणि एक काम आहे. एक दिवस वर्गावर या. हत्यारं घेऊन."

"मी? वर्गावर? मला सही तेवढी येते, सर."

"सही नकोय, पाचर हवी."

मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. विज्ञानाच्या बाईंनी सहावीचा वर्ग आणला, आम्ही सातवीचा. मैदानाच्या कोपऱ्यात चुन्याची रेघ मारली आणि सगळ्यांना रेघेमागे बसवलं. कुऱ्हाडीला कुणी हात लावायचा नाही, ही त्यांचीच पहिली अट होती. ते इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. मुलगा पाचरींची पिशवी धरून उभा होता, मान खालीच.

त्यांनी ओंडका उभा केला आणि मुलांना विचारलं, "हा कुठून फुटेल, सांगा." सगळे ओरडले, "मधून!" त्यांनी चीर दाखवली, ती कडेला होती. मुलाने न सांगता पातळ पाचर पुढे केली. दोन घाव, मग जाड पाचर, तिसऱ्या घावाला ओंडका उलगडला. मग सहावीतल्या सगळ्यात लहानखुऱ्या मुलीला बोलावलं. सातवीच्या तीन मुलांना ढकलून न हललेला ओंडका तिने पहार आणि खाली टेकूला एक वीट घेऊन हलवला. बाईंनी फळ्यावर तरफ, टेकू, भार असे शब्द लिहिले तेव्हा पहिल्यांदाच ते शब्द मुलांना वजनासकट कळले.

'लकडीफोड' म्हणणाऱ्या मुलानेच हात वर केला. "चाचा, मधे गाठ आली तर?"

"गाठीशी भांडायचं नाही, बेटा. बाजूनं जायचं."

त्यानंतरच्या तासाला आम्ही मुलांना एक प्रसंग सांगितला. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात तो हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आला आहे. मदीनेतले एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. घरात काय आहे, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की, एक जाडंभरडं वस्त्र आणि पाणी प्यायचा एक वाडगा, एवढंच. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि तिथेच बोली लावून दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचं धान्य घरी द्यायला सांगितलं, आणि दुसऱ्याचं कुऱ्हाडीचं पातं आणायला. पातं आल्यावर त्याला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला. जा, लाकडं तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस, असं सांगून त्यांना पाठवलं. ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते, काहींचे कपडे आणि काहींचं अन्न घेऊन झालं.

या प्रसंगावर प्रवचनं पुष्कळ होतात. मागण्यापेक्षा कष्ट बरे, हा बोध त्यात आहेच. पण त्या दिवशी आमचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. नुसतं 'कष्ट कर' म्हणून त्या माणसाला पाठवलं नव्हतं. आधी घरी खायला दिलं, हातात हत्यार दिलं, त्याचा दांडाही बसवून दिला आणि पंधरा दिवसांनी विचारपूस केली. आपण बोध तेवढा घेतो, दांडा बसवायचं विसरतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' अशी मराठीत म्हण आहे, आपल्याच माणसांच्या नाशाला कारण होणाऱ्यासाठी. अब्बांचं काम लपवून 'व्यापार' लिहिणारे आम्ही त्याच जातीचे दांडे झालो होतो.

सध्या काय चाललंय तेही सांगतो. गोण्यांचं अर्ध्या पगाराचं काम ते करतात. रविवारी वलीम्याच्या देगांना लाकूड फोडून देतात. पावसाळ्यात दोन-तीन सोसायट्यांतल्या पडलेल्या फांद्या आणि ओंडके हलवायचं काम मिळालं. उभं झाड असेल तर ते हात लावत नाहीत. झाडं तोडायला परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. एवढ्याने महिना भागत नाही. दाखल्याचा अर्ज आमच्या कपाटात आहे आणि दिवाळी जवळ येतेय. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या सोसायटीत, कारखान्यात, बांधकामावर जड वस्तू अडचणीच्या जागेतून हलवायचं काम असेल, तर आपल्या गल्लीतल्या अशा माणसाला आधी विचारा. अशी माणसं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, आणि येत्या काळात बेकऱ्यांच्या मागच्या अंगणातून ती आणखी बाहेर पडणार आहेत. दांडा बसवणं म्हणजे याहून निराळं काही नाही.

परवा विद्यार्थ्यांची माहिती पुन्हा भरून घ्यायची होती. तो मुलगा फॉर्म घेऊन टेबलाशी आला. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना कोरा होता. "सर, मराठीत काय लिहू?"

आम्ही म्हटलं, "लाकूडतोड्या लिही."

तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "तोड्या नाही, सर. अब्बा झाड तोडत नाहीत. लाकूड फोडतात."

बरोबर होतं त्याचं. 'लाकूड फोडण्याचं काम' असं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, आणि खाली आम्ही तपासल्याची सही केली.